हुर्राक गोव्याबाहेर का मिळत नाही?

पुण्या-मुंबईतल्या वाइन शॉपमध्ये हुर्राक मागून बघा. दुकानदार बहुधा ‘ते काय असतं?’ असं विचारेल. जाणता निघाला, तर ‘गोव्यात मिळेल, तेही उन्हाळ्यातच’ एवढं सांगून पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळेल. उत्तर बरोबर आहे, पण अर्धं. हुर्राकाला एक नाही, तीन कुलपं आहेत. एक हंगामाचं, दुसरं रसायनाचं, तिसरं कायद्याचं. लोक जास्त बोलतात ते तिसऱ्याबद्दल, कारण नाक्यावर गाडी थांबते ती त्याच्यामुळे. खरं घट्ट कुलूप दुसरं आहे.

आधी हुर्राक म्हणजे काय ते बघू. काजूच्या बोंडूचा रस आंबवायचा आणि भट्टीत एकदाच उकळून त्याची वाफ थंड करायची. जे मिळतं तो हुर्राक. हाच हुर्राक आंबलेल्या रसात मिसळून पुन्हा भट्टीला लावला की निघते फेणी. म्हणजे काजूच्या फेणीच्या प्रत्येक बाटलीच्या पोटात हुर्राक असतो. नाव अरबी ‘अरक’च्या गोतावळ्यातलं, आपला ‘अर्क’ही त्याच घरातला.

काजूचं झाड पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात ब्राझीलहून आणलं. फळ दोन भागांचं असतं. खाली लोंबते ती बी आणि वर रसाळ बोंडू. बोंडू झाडावरून तोडत नाहीत, पिकून आपणहून खाली पडलेला उचलतात. तोडलेल्या बोंडूत साखर कमी आणि तुरटपणा जास्त. तो तुरटपणा टॅनिनचा. कच्चा बोंडू खाल्ला की घसा धरतो, तोही त्यामुळेच. पडलेला बोंडू त्याच दिवशी गोळा व्हावा लागतो. एक रात्र जमिनीवर राहिला की चिलटं बसतात, सालीला चीर पडते आणि आत व्हिनेगर करणारे जिवाणू कामाला लागतात. बोंडूची साल इतकी नाजूक की टोपलीत एकावर एक रचले तर खालच्या थराचा रस टोपलीतच गळतो. त्यामुळे भट्टी बागेजवळ असते. बोंडू लांब नेण्यापेक्षा भांडं जवळ आणणं सोपं.

हंगाम साधारण फेब्रुवारीच्या शेवटापासून मेअखेरपर्यंत. मोहोर उशिरा आला किंवा ढेकण्या या किडीने खाल्ला, तर तो पुढे सरकतो किंवा आखूड होतो. एप्रिलमध्ये वळवाचा पाऊस झाला की बोंडू पाणी पितो आणि रस पातळ होतो. भट्टीवाल्याच्या हिशेबात याचा अर्थ एकच, तेवढ्याच लाकडात कमी माल. आणि पाऊस एकदा लागला की बोंडू चिखलात कुजतो, भट्टी विझते. हे झालं पहिलं कुलूप. याची किल्ली कुणाकडेच नाही.

रस, आणि तो कुठे बिघडतो

भट्टीवर आलेल्या बोंडूची बी आधी पिळून वेगळी करतात. एखादी बी राहून गेली आणि मळताना चेंगरली, तर तिच्या टरफलातलं तेल रसात उतरतं. हे तेल कातडी भाजणारं असतं. मळणाऱ्यांच्या पायांना फोड येतात आणि रसही वाया जातो.

मग बोंडू मळायचे. जुनी पद्धत म्हणजे कातळात खोदलेली, एका बाजूला उतार दिलेली कुंडी. तिला कोळंबी म्हणतात. तिच्यात उतरून बोंडू पायांनी तुडवतात, रस उतारावरच्या भोकातून खालच्या भांड्यात जातो. आता बऱ्याच ठिकाणी यंत्र आणि स्क्रूचा दाबही असतो. उरलेल्या चोथ्याचा ढीग वेलीने बांधून त्यावर वजन ठेवलं की सावकाश निथळतो तो निरो. हा न आंबलेला, गोड, स्वच्छ रस. थंड करून सकाळीच प्यायचा, दुपारपर्यंत तो फसफसायला लागतो.

मळताना आणि साठवताना लोखंड वर्ज्य. रसातलं टॅनिन लोखंडाला भिडलं की शाईसारखा काळा रंग येतो. वाफेबरोबर तो रंग वर येत नाही हे खरं, पण ज्या भट्टीवर रस काळा दिसतो तिथली बाकीची स्वच्छताही तशीच असणार.

बोंडूच्या रसात साखर साधारण १० ते १२ टक्के. दर लिटरमागे १७ ग्रॅम साखर संपली की १ टक्का अल्कोहोल तयार होतं, असा ढोबळ हिशेब आहे. म्हणजे आंबलेल्या रसात ६ ते ७ टक्के, बिअरपेक्षा थोडं जास्त. बाहेरचं यीस्ट, साखर किंवा पाणी घालायचं नाही. फळाच्या सालीवर आणि भांड्यात असलेलं यीस्ट पुरेसं असतं. उन्हाळ्याच्या उकाड्यात दोन-तीन दिवसांत काम होतं. पिंपावर फडकं बांधायचं, झाकण गच्च लावायचं नाही, कारण आत वायू तयार होत असतो. फेस बसला आणि कान लावल्यावर येणारा बारीक चुरचुर आवाज थांबला की रस भट्टीला तयार.

इथे एका दिवसाची दिरंगाई महागात पडते. फेस बसल्यावर वायूचं पांघरूण जातं, हवा आत शिरते आणि तयार झालेलं अल्कोहोल व्हिनेगर व्हायला लागतं. शिवाय व्हिनेगर आणि अल्कोहोल मिळून इथाइल ॲसिटेट बनतं. नेलपॉलिश काढायच्या द्रवाचा जो वास, तो त्याचाच. हुर्राकाच्या ग्लासात तो वास भपकन आला, तर दोष बहुतेक भट्टीचा नसतो. रस पिंपात जास्त थांबला होता.

भाण आणि धार

उकळायच्या भांड्याला भाण म्हणतात. पूर्वी मातीचं असे, आता तांब्याचं. वाफ थंड होऊन जमा होते त्या भांड्याला लावणी. जुन्या रचनेत लावणीवर सतत गार पाणी ओतावं लागे. आता पाण्याच्या टाकीतून तांब्याची गुंडाळी फिरवतात. सांधे मातीने आणि फडक्याने लिंपून बंद करतात, एवढीशी फट राहिली तरी वाफ तिथूनच पळते.

भाण गळ्यापर्यंत भरायचं नसतं, वरचा पाव ते तिसरा हिस्सा मोकळा ठेवतात. रस उकळताना फेसाळतो, आणि जागा नसेल तर वाफेऐवजी रसच नळीत चढतो. मग लावणीत गढूळ, आंबट पाणी पडतं. आच मोठी ठेवली तर हेच होतं, आणि वर आणखी एक गोष्ट: तळाला गर लागतो. एकदा करपट वास आला की तो निघत नाही, पुन्हा भट्टीला लावला तरीही नाही.

आता खरी गंमत. ६ टक्क्यांचा रस उकळायला लागला की त्याची पहिली वाफ जवळजवळ ४० टक्क्यांची असते. अल्कोहोल ७८ अंशांना उकळतं आणि पाणी १०० ला, म्हणून ते वाफेत आधी आणि जास्त येतं. जसजसं भाणातलं अल्कोहोल संपत जातं, तसतशी धार पातळ होते आणि शेवटी नुसतं आंबूस पाणी येतं. ‘पहिल्या धारेची’ हा शब्द मराठीत याच कारणाने कडकपणाचा झाला. हुर्राक म्हणजे ही सगळी धार एकत्र. त्यामुळे तो किती कडक, हे भट्टीवाला कुठे थांबतो यावर ठरतं. लवकर थांबला तर कडक पण थोडा, उशिरा थांबला तर भरपूर पण मिळमिळीत, आणि शेपटाकडचा उबट वास आलेला. अगदी सुरुवातीचा थोडा तिखट, नाकात जाणारा भाग जाणता भट्टीवाला बाजूला काढतो. नळी थंड करणारं पाणी कोमट झालं तरी माल कमी पडतो, कारण वाफ न गोठताच निघून जाते.

तांब्याचा एक फायदा म्हणजे वासकट गंधकाची संयुगं ते धरून ठेवतं. मात्र भांडं दोन दिवस न धुता पडलं की आतून हिरवं कळकतं, आणि आंबट रसात तो कळंक सहज विरघळतो. पहिल्या वाफेबरोबर नळी धुऊन निघते. ते पाणी लावणीत पडू द्यायचं नाही.

किती माल निघतो? १०० किलो बोंडूंतून साधारण ६० लिटर रस आणि त्यातून १० ते १२ लिटर हुर्राक. तोच सगळा फेणीकडे नेला तर हाती ६-७ लिटर.

ग्राव म्हणजे टक्के नव्हेत

गोव्यात दारूची ताकद ग्रावमध्ये सांगतात. हुर्राक १४ ते १६ ग्राव, फेणी १९-२० ग्राव. यावरून ‘हुर्राकात १५ टक्के अल्कोहोल, वाइनसारखाच की!’ असा समज सर्रास पसरला आहे. तो चुकीचा आहे.

ग्राव हे द्रवात तरंगणाऱ्या काचेच्या नळीवरचं माप आहे. द्रव जितका हलका, तितकी नळी खोल बुडते आणि आकडा मोठा येतो. या मापावर साध्या पाण्याचा आकडा शून्य नसून १० असतो. म्हणजे मोजायचं ते १० च्या पुढे. १९-२० ग्रावची फेणी ४२ ते ४५ टक्क्यांची असते, बाटलीवर बहुधा ४२.८ छापलेलं दिसेल. त्याच पट्टीवर १५ ग्रावचा हुर्राक २५ टक्क्यांच्या आसपास जातो. द्रव कोमट असेल तर तो पसरून हलका होतो आणि आकडा फुगतो. म्हणून भट्टीवर लावणीतून काढल्या काढल्या मोजलेल्या ग्रावावर फार विसंबू नये.

हे माहीत असलं की पिण्याचा हिशेब जमतो. २५ टक्क्यांच्या ६० मिली हुर्राकात १५ मिली शुद्ध अल्कोहोल असतं. ५ टक्क्यांच्या छोट्या ३३० मिली बिअरमध्ये १६.५ मिली. म्हणजे एक पेग जवळपास एका छोट्या बिअरएवढा. लिंबाच्या सोड्यात तो इतका हलका लागतो की लोक तासाभरात चार पितात आणि उठताना टेबल धरतात.

टिकत का नाही

हुर्राकाची सगळी मोहिनी वासात आहे. पिकल्या बोंडूचा, किंचित अननसासारखा, किंचित कच्च्या गवताचा वास. ही चव देणारी संयुगं हलकी असतात, सहज उडतात आणि हवेशी संयोग होऊन बदलतात. फेणीत अल्कोहोल जास्त असल्याने ती धरून राहतात, आणि दुसऱ्या उकळीत त्यांतली नाजूक आधीच गळून जाऊन उरतात ती दणकट. फेणीचा तो खोलीभर पसरणारा वास म्हणजे ही उरलेली मंडळी. हुर्राकात नाजूकही असतात आणि त्यांना सांभाळायला अल्कोहोल कमी. त्यामुळे काही महिन्यांत तो आंबत नाही, सडत नाही, फक्त बोथट होतो. पिणाऱ्याला कळतं की काहीतरी गेलं, काय ते सांगता येत नाही.

मोठ्या कंपनीला माल विकायचा असतो तो वर्षभर आणि सगळीकडे एकाच चवीचा. हुर्राक गोदामात सहा महिने ठेवता येत नाही. टिकाऊ करायचा तर अल्कोहोल वाढवावं लागेल, त्यासाठी पुन्हा भट्टीला लावावा लागेल, आणि मग ती फेणी झाली. हेच ते दुसरं, रसायनाचं कुलूप. प्रवासाला निघालेल्या हुर्राकाचंच नाव फेणी. पूर्वी ती गॅराफांव नावाच्या काचेच्या फुगीर बुधल्यांत भरून वर्षानुवर्षं ठेवत.

अमेरिकेत कूअर्स बिअरचं असंच झालं होतं, पण तिथे कुलूप उघडलं. कोलोरॅडोतल्या गोल्डन गावची ही बिअर १८७३ पासूनची. १९७० च्या दशकाच्या मध्यापर्यंत ती फक्त पश्चिमेच्या ११ राज्यांत मिळायची. १९५९ पासून कंपनी बिअर पाश्चराइज न करता गाळून भरत होती, त्यामुळे ती थंडच न्यावी लागे. पूर्वेकडचे लोक पश्चिमेला गेले की परतताना सामानातून खोकी आणत. मग शीतगाड्यांतून वितरण वाढलं, आणि १९९१ पर्यंत पन्नासही राज्यांत ती मिळू लागली. मिळू लागली तसा दबदबा ओसरला, कारण चवीत त्या दबदब्याइतका फरक कधी नव्हताच. हुर्राकाला शीतगाडी लावून मार्चचा माल जूनपर्यंत ओढता येईल. डिसेंबरचा बोंडू मात्र कुठून आणणार?

नाक्यावरचं कुलूप

आपल्या राज्यघटनेत दारू हा राज्यांचा विषय आहे. सातव्या अनुसूचीतल्या राज्यसूचीत नोंद ८ मादक मद्याची आणि नोंद ५१ त्यावरच्या अबकारीची. प्रत्येक राज्याचा परवाना, लेबलची नोंदणी आणि कर वेगळा. दारू जीएसटीतही नाही. त्यात देशी दारू या वर्गातला माल ज्या राज्यात बनला तिथेच खपवायचा, असा रिवाज. काजूची दारू अनेक वर्षं याच खणात होती. २००९ मध्ये फेणीला भौगोलिक मानांकन मिळालं, २०१६ मध्ये गोवा सरकारने तिला वारशाचं पेय ठरवलं, २०२१ मध्ये फेणी धोरण आलं. या सगळ्यात नाव फेणीचं आहे. हुर्राक धाकट्या भावासारखा मागे राहिला.

महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा लागू आहे. गोव्यात पावती घेऊन रीतसर विकत घेतलेली बाटली बांद्याजवळ इन्सुलीच्या तपासणी नाक्यावर पकडली गेली, तर ती पावती उपयोगाची नाही, कारण कर भरला तो गोव्याला. परवाना नसेल तर ती अवैध वाहतूकच. प्लास्टिकच्या कॅनमधला हुर्राक तर आणखी अडचणीचा, त्यावर लेबल नाही, बॅच नाही, काही नाही. ‘एकच बाटली आहे, साहेब’ याला कायद्यात कलम नाही.

यातली बोच सिंधुदुर्गाला सगळ्यांत जास्त. दोडामार्ग, सावंतवाडी, वेंगुर्ल्याकडे काजू भरपूर. वेंगुर्ल्याच्या संशोधन केंद्राने काजूच्या जाती काढल्या, त्या कोकणभर लागल्या. बीला भाव आहे. पण बीच्या कितीतरी पट वजनाचा बोंडू बागेत कुजतो, नाहीतर हद्दीपलीकडच्या भट्ट्यांना विकला जातो. २०२२ मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने काजूबोंडं आणि मोहफुलांपासूनच्या मद्याला ‘विदेशी मद्य’ हा दर्जा द्यायचं ठरवलं. परसातल्या झाडाच्या फळाला विदेशी म्हणावं लागतं, तेव्हा कुठे त्याला देशी दारूच्या खणातून बाहेर पडता येतं! परवाना नसताना घरी भट्टी लावणं मात्र आजही गुन्हाच आहे.

घेताना, ठेवताना, पिताना

हुर्राक एप्रिल-मेमध्ये घ्यावा. सप्टेंबरात कुणी ‘ताजा हुर्राक’ म्हणून पुढे केला, तर ती बहुधा पाणी घातलेली फेणी असते. पाणी घातल्यावर कधी कधी ती दुधट होते, कारण कडक दारूत विरघळलेले तेलकट अंश पातळ झाल्यावर बाहेर पडतात. चांगला हुर्राक पाण्यासारखा नितळ दिसतो. चार थेंब तळहातावर चोळून अल्कोहोल उडू द्या आणि मग वास घ्या. बोंडूचा वास मागे राहिला पाहिजे. काहीच राहिलं नाही तर स्पिरिटमध्ये इसेन्स टाकलेला असू शकतो, आणि अशी दारू ओतून द्यावी. ओळखीच्या, परवानाधारक भट्टीवरून किंवा बारमधूनच घेणं शहाणपणाचं.

विक्रेते पाण्याच्या जुन्या प्लास्टिक बाटल्यांत भरून देतात. बसल्या जागी प्यायचा असेल तर ठीक. आठवडाभर ठेवायचा असेल तर काचेच्या बाटलीत, तोंडापर्यंत भरून, फ्रिजमध्ये. अर्धी रिकामी बाटली म्हणजे अर्धी हवेने भरलेली.

ग्लासात ६० मिली हुर्राक, बर्फ, मग लिम्का, चिमूटभर मीठ, लिंबाची फोड आणि उभी चिरलेली हिरवी मिरची.  मिरचीच्या बिया काढून टाका, कारण अल्कोहोलमध्ये तिखटपणा भराभर उतरतो आणि दहा मिनिटांत पहिला घोट आणि शेवटचा घोट वेगळे लागतात. कोला किंवा गोड ज्यूस यात घालू नये, बोंडूचा वास त्याखाली दबतो. मग हुर्राकच का घ्यायचा, कुठलीही व्होडका चालली असती.

जूनच्या पहिल्या पावसानंतर भट्टीवर विकायचा राहिलेला हुर्राक टाकत नाहीत. तो शेवटच्या आंबलेल्या रसात मिसळून पुन्हा भाणात जातो.